लाल ते बाहेर, हिरवं ते जागेवर

...आणि वर मलाच विचारतात, "आजी, दमलात का हो?" दमायला मी सकाळपासून केलंय काय? बसलेय! बसून बसून दमलेय! चालून दमलेलं माणूस तुम्ही बघितलं असेल, भांडून दमलेलं तर घरोघरी असतं, पण बसून दमलेलं बघितलंय कधी? नाही ना? मग बघून घ्या. या, जवळ या, त्या गुबगुबीत सोफ्यावर टेका, पण कडेकडेने हं, एकदा आत गेलात की बाहेर काढायला दोन माणसं लागतात... मी काही उठत नाही तुमच्यासाठी, राग मानू नका, मला उठता येत नाही. गुडघे? कुरकुरतात मेले, पण आज त्यांचा दोष नाही. वेगळंच आहे. तुम्हाला सांगते सगळं. नातीचं लग्न लागलं, सहाशे माणूस जेवून ढेकर देत घरी निघालं, आणि मी आपली अजून इथेच, पहिल्या रांगेत, मधोमध, या लाकडी खुर्चीत. आणि हे सगळं कशामुळे? तर एका वाक्यामुळे. "आजी, तुम्ही फक्त बसा."

सकाळी आठला मला या हॉलवर आणलं. का आणलं? तर घरी एकटी राहिले की मी काहीतरी करून ठेवते म्हणे! मी! बरं, गेल्या महिन्यात साखरेच्या डब्यात मीठ भरलं होतं, पण ते एकदाच, आणि लेकाने चहाचा घोट घेऊन जे तोंड केलं ना... जाऊ दे. तर इथे आले, बघते तर काय, शिड्या काय, दोऱ्या काय, बादल्या भरभरून फुलं, चिकटपट्ट्यांचा चर्रर्र चर्रर्र आवाज, आणि सगळं पांढरं! छताला पांढरं कापड, खांबांना पांढरी फुलं, खुर्च्यांना पांढरे झगे. मी दारातच एका बाईला विचारलं, "ताई, डॉक्टर किती वाजता येतात?" ती बिचारी खरंच शोधायला गेली.

तेवढ्यात डेकोरेटर आला. चाळिशीचा, तुरतुरीत, कानाला फोन, हातात फोन, तिसरा खिशात वाजतोय. मी म्हटलं, "बाबा रे, रंग संपला का तुझ्याकडचा?" तर म्हणतो, "आजी, ही थीम आहे. ते छत मोतिया आहे, फुलं हस्तिदंती, सोफे मलई, आणि पायघडी दुधी." मी म्हटलं, "अरे, मी चौथी शिकलेय, तीसुद्धा दोनदा, पण एवढं मला कळतं की हे चारही पांढरे आहेत." हसला नाही हो! ज्याला हसायला फुरसत नाही असला माणूस मला बघवत नाही, हात शिवशिवतात माझे. खांद्याला धरून मला एका कोपऱ्यात नेलं आणि म्हणाला, "आजी, तुम्ही फक्त बसा."

कुठे बसा? तर खांबामागे! तो बघा, तिकडे डावीकडे, तो जाडजूड. आधीच खांब केवढा, त्यात फुलं लावून त्याला गरोदर केलाय नुसता. त्याच्यामागे चार खुर्च्या आणि एक पाटी. मी अक्षर अक्षर लावून वाचली, 'ज्येष्ठांसाठी'. वर पंखा. पुढ्यात खांब. स्टेज? स्टेज नावाची काही वस्तू जगात आहे हेच तिथून कळत नाही! मी लेकाला हाक मारली. तो आला घाम पुसत. "आई, अगं पंखा आहे तिथे, हवेशीर आहे." मी म्हटलं, "हवा खायला घरचा पंखा काय वाईट होता रे? मला लग्न बघायचंय!" तर म्हणतो, "अगं, व्हिडिओ येणार आहे ना नंतर." ऐकलंत? जिवंत माणूस समोर असताना व्हिडिओ!

आता तुम्ही म्हणाल, म्हातारीला पहिल्याच रांगेची एवढी काय हौस. हौस नाही हो. शब्द दिलाय मी.

ही माझी नात, आम्ही तिला ठकी म्हणतो, नोकरीला लागली तरी ठकीच, ती घरात तोंडाचा पट्टा चालवते, पण चार माणसांसमोर उभी केली की झालं, दातखीळ! शाळेत एकदा नाटकात ढग झाली होती. ढगाला एकच वाक्य. "मी आता पाऊस पाडतो." आली ठकी, कापसाचा झगा घालून उभी राहिली, आणि गप्प. खाली झाडं झालेली पोरं पावसाची वाट बघतायत, बाई पडद्याआडून ओठ हलवतायत, पण ढग काही बोलेना. मी पहिल्या रांगेत होते. मी काय केलं, गाल फुगवले, डोळे तिरळे केले आणि जीभ काढली. तिने बघितलं, फिसकन हसली, आणि असा पाऊस पाडला म्हणता! तेव्हापासून ठरलेलं आहे. ती बोलायला उभी राहिली की समोर मी. नोकरीच्या मुलाखतीला तर मी ऑफिसच्या काचेबाहेर फुटपाथवर उभी होते तोंडं वेडावत. आतले साहेब मला बघून घाबरले, पण ठकीला नोकरी लागली ना!

आणि आज? आज स्टेजवर दोघांनी माइक हातात घेऊन एकमेकांना चार शब्द बोलायचे होते. सहाशे माणसांपुढे! महिनाभर पाठ करत होती. काल माझ्या कुशीत येऊन म्हणाली, "आजी, मला समोर तू दिसली पाहिजेस. नाही दिसलीस तर मी ढग होईन." मी म्हटलं, "पहिली रांग, मधली जागा, तू बघच." आणि इथे मला खांबामागे हवा खायला बसवतात!

डेकोरेटरकडे गेले. "बाबा रे, मला पुढे जागा दे." म्हणतो, "आजी, पुढे सोफे आहेत, बसा की." बसले. अहो, बसले कसली, बुडाले! गुडघे कानाशी आले. मग त्याची दोन माणसं आली, एक मिशीवाला, एक टक्कलवाला, दोघे पन्नाशीचे, त्यांनी "हैशा" करून मला बाहेर ओढलं. मी म्हटलं, "मला उंच खुर्ची हवी, हातांची, ती बघ तिथे आहे तसली." हीच हो, ही खुर्ची! हॉलवाल्यांची जुनी, कोपऱ्यात पडली होती, बसून बघितली तर अगदी माझ्या मापाची. डेकोरेटर असा दचकला जसं मी म्हैस बांधायला सांगतेय. "पहिल्या रांगेत? तपकिरी? आजी, फोटो जातील माझे!" आणि सूनबाई त्याच्याच बाजूची. "अहो आई, ते म्हणतात तसं करू या ना. आजच्या दिवस. तुम्ही फक्त बसा."

आजच्या दिवस! रोज काय मी घोड्यावर असते?

आणि त्या खुर्चीवर बघते तर एक लाल गोल स्टिकर. टिकलीएवढा. मी मिशीवाल्याला विचारलं, "हे काय रे?" म्हणाला, "लाल ते बाहेर, हिरवं ते जागेवर." म्हणजे असं की हॉलमधली जी वस्तू नको तिला लाल, ती जाते खाली तळघरातल्या गोदामात, लग्न होईपर्यंत शटर बंद. आणि डेकोरेटरने मोजूनमापून ठेवलेल्या वस्तूला हिरवा, ती इंचभर हलवायची नाही. "मग तुम्ही डोकं लावत नाही का?" "नाही आजी. मागच्या एका लग्नात लावलं होतं. जुनं टेबल म्हणून गोदामात टाकलं, त्याच्यावर केक होता. तेव्हापासून साहेबांनी सांगितलंय, डोकं लावायचं नाही, स्टिकर बघायचा." मला इतकं आवडलं ते! केवढी सोपी पद्धत. बसल्या बसल्या डोक्यात काहीतरी वळवळायला लागलं...

आणि बघा, नशीब कसं असतं! सूनबाईच डेकोरेटरला म्हणाली, मला ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात, "आईंना काहीतरी काम द्या हो, नाहीतर त्या काहीतरी करून ठेवतील." मग त्याने काय दिलं? स्टिकरची पट्टी! "आजी, मी फुलांचं बघून येतो, तोवर हे सांभाळा. लावायचे नाहीत. फक्त धरायचे. तुम्ही फक्त बसा." मांजराला म्हणे दूध धरून ठेव!

पहिल्यांदा मी अगदी धरून बसले होते, खरंच सांगते. दोन मिनिटं. मग म्हटलं, एक बदलू या, शब्द दिलाय पोरीला. खुर्चीचा लाल काढला, हिरवा लावला. खुर्ची ओढत पुढे आणली. मधोमध एक सोफा आडवा येत होता, त्याला लाल लावला. झालं. एवढंच करणार होते हो! पण तुम्हाला म्हणून सांगते, एकदा हात सुटला की सुटला. स्टेजपाशी दोन पांढरे हंस होते प्लास्टरचे, पोटात दुखत असलेल्या बदकांसारखे, एकेक लाल. धूर सोडायचं एक मशीन होतं, नवरानवरी यायच्या वेळी धूर सोडणार म्हणे, आधीच पोरगी घाबरलेली, तिला समोरचं दिसायचं कसं? लाल! ती 'ज्येष्ठांसाठी' पाटी? आनंदाने लाल! आणि खांबालासुद्धा एक लावला, म्हटलं बघू तरी.

मग डेकोरेटर आला पळत पळत, माझ्याकडे बघतो तर मी आपली हात जोडून बसलेली, देवळातल्या मूर्तीसारखी. खूश झाला. "शाब्बास आजी!" मी म्हटलं, "शाब्बास तर तुझी रे बाबा, केवढं राबतोस," आणि थाप मारली पाठीवर. प्रेमाने. तळहाताला काय चिकटलं होतं ते... तुम्ही समजून घ्या.

तेवढ्यात सूनबाईने मला उचललं आणि चहाला नेलं. चहा घेऊन येते तर हॉलमध्ये काम जोरात! टक्कलवाला मशीन घेऊन निघालेला, मग दोघं मिळून सोफा, मग बगलेत एकेक हंस. खांबापाशी दोघे बराच वेळ उभे होते. एकाने ढकलून बघितला. दुसरा म्हणाला, "लाल तर आहे." पहिला म्हणाला, "पण हलत नाही." "मग राहू दे, साहेबांना विचारू." मी चहाच्या कपात तोंड घालून हसतेय, डोळ्यांतून पाणी... आणि मग दहा मिनिटांनी माझ्या लक्षात आलं, साहेब कुठाय?

स्टेजमागचा पडदा एका बाजूने लावलेला, दुसऱ्या बाजूने लोंबतोय. शिडीवरची माणसं हातात दोऱ्या घेऊन थांबलेली, "साहेब सांगतील तसं." साहेबांचे तिन्ही फोन स्टेजवर चार्जिंगला, तिन्ही वाजतायत. पाहुणे यायला एक तास! लेक पळत आला, "डेकोरेटर कुठे गेला?" सूनबाई आली, "पळाला की काय हो? अर्ध्यात टाकून पळाला?" आणि रडायलाच लागली. सून माझी कडक आहे हो, भांडताना मजा येते तिच्याशी, तिला रडताना बघितलं आणि मी कप खाली ठेवला. हसू कुठल्या कुठे. आतून ठकी आली धावत, एका डोळ्याला काजळ, दुसरा मोकळा. स्टेजकडे बघितलं, लोंबणारा पडदा बघितला, आणि मग सरळ माझ्याकडे. "आजी, तू काय केलंस?"

"मी? मी तर फक्त बसले होते."

"आजी."

तेवढ्यात मिशीवाला आला हात झटकत, अगदी समाधानाने. "झालं सगळं. शटर लावलं. यादीत सतरा होते, आत गेले बावीस." लेक म्हणतो, "बावीस कसे?" आणि मी बोटं मोजायला लागले. सतरातून माझी खुर्ची गेली, सोळा. सोफा, सतरा. दोन हंस, एकोणीस. मशीन, वीस. पाटी, एकवीस. खांब तर इथेच आहे...

मी विचारलं, "बाविसावं काय रे?"

म्हणतो, "साहेब."

"अरे, साहेबांना आत कोंडलंस?"

"पाठीवर लाल होता, आजी. आम्ही म्हटलं, चला साहेब खाली, ते आले. मग शटर लावलं."

"ते ओरडले नाहीत?"

"ओरडले ना. पण ओरडण्याबद्दल आम्हाला काही सांगितलं नव्हतं."

काय सांगू तुम्हाला, सगळे धावले जिन्याने खाली, ठकी पुढे, मी मागून कठडा धरत. मनात म्हटलं, म्हातारे, आज संपलीस तू, सुनेच्या हातून नाहीतर डेकोरेटरच्या. शटर वर गेलं. आत बघते तर सोफ्यात बुडालेला डेकोरेटर, गुडघे कानाशी, दोन बाजूंना दोन हंस. ओरडून ओरडून गप्प झालेला. मला वाटलं, आता हा मला खातो. तर हळूच म्हणाला, "बारा वर्षं झाली खुर्च्या मांडतोय. आज पहिल्यांदा बसलो." आणि उठायला गेला तर उठता येईना! मिशीवाला आणि टक्कलवाला, "हैशा"! बाहेर आल्यावर कंबरेला हात लावून त्या सोफ्याकडे बघत राहिला बराच वेळ.

मग मी सांगितलं सगळं. ढग, पाऊस, काचेबाहेरचा फुटपाथ, सगळं, एका दमात. तो म्हणाला, "आजी, हे मला आधी का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, "सांगायला तोंड उघडलं की तुम्ही काय म्हणता सगळे?" लेक चपलेकडे बघत होता. सूनबाईने डोळे पुसले, माझा हात धरला, घट्ट, मोडेल एवढा, आणि म्हणाली, "घरी चला, मग बघते तुमच्याकडे." हे बोलली म्हणजे माफ केलं, मला कळतं तिचं.

डेकोरेटर शहाणा निघाला. खुर्ची राहू दे म्हणाला, मधोमध, पहिल्या रांगेत, तपकिरीच्या तपकिरी. सोफा आणा म्हणाला, कडेला ठेवा. हंस राहू देत आतच. "मलाही नव्हते आवडत," असं कानात म्हणाला माझ्या. "पण आजी, स्टिकर आधी परत द्या." पट्टीवर शेवटचा एक हिरवा उरला होता. ठकी म्हणाली, "दे, मी देते त्यांना." आणि मला मिठी मारली, गदगदून, काजळ फिसकटलं तरी फिकीर नाही, पाठीवर तीन थापा मारल्या माझ्या. मी म्हटलं, केवढी माया पोरीची! मला मेलीला काय ठाऊक...

पुढचं तुम्ही बघितलंच. पडदा लागला, पाहुणे आले, दोघे स्टेजवर चढले. नवऱ्यामुलाने त्याचे चार शब्द बोलून टाकले धडाधड. मग माइक ठकीच्या हातात. आणि शांतता. अहो, फुल पडलं असतं तर ऐकू आलं असतं. ओठ हलतायत, आवाज नाही. झाला ढग! मागे कुजबुज सुरू झाली. तिची नजर भिरभिरत भिरभिरत आली, आली, आणि माझ्यावर थांबली. मी गाल फुगवले. नाही हसली. डोळे तिरळे केले. नाही. मग म्हटलं, आता राखून काय ठेवायचं? कवळी काढली, वरची, आणि ओठांत आडवी धरली.

फिसकन हसली! माइकमध्ये! आणि नवऱ्यामुलाकडे वळून म्हणाली, "मी महिनाभर पाठ केलेलं सगळं विसरले. तू एकच कर. मी अशी गप्प झाले ना, की मला हसव. बाकी सगळं मला येतं." तो पठ्ठ्या लगेच गाल फुगवून मोकळा! सगळा हॉल हसतोय, टाळ्या वाजतायत, आणि मी कवळी बसवतेय, ती काही जागेवर बसेना, ओठच थरथरत होते मेले. वीस वर्षांची नोकरी होती हो माझी ती. गेली एका मिनिटात दुसऱ्याला. बरा आहे पण मुलगा. गाल अजून नीट फुगत नाहीत, येईल सवयीने.

तर मग मी उठले. जेवायला. उठले म्हणजे उठायला गेले. तर खांद्यावर हात! मिशीवाला. "आजी, हलायचं नाही." मी म्हटलं, "का रे?" म्हणतो, "हिरवा आहे." "कुठे?" "पाठीवर." मी हात मागे नेला, खालून, वरून, पोचेना! बरोब्बर मधोमध लावलाय ब्लाउजवर, जिथे जगातल्या कोणत्याही बाईचा हात पोचत नाही तिथे! माझीच थाप, माझ्याच पाठीवर! मी म्हटलं, "अरे, मी माणूस आहे!" तर टक्कलवाला म्हणतो, "साहेबही माणूसच होते." ताट इथेच आलं. हात धुवायला पाणी इथेच. डेकोरेटर दोनदा समोरून गेला, माझा फोटो काढला, पहिल्यांदा हसताना बघितला त्याला, पण सोडवलं नाही हो! लेकाला हाक मारली तर म्हणतो, "आई, पद्धत म्हणजे पद्धत." सूनबाई तर लांबून बघूनच इतकी खूश झाली की तिने दुसऱ्यांदा गोड वाढून घेतलं.

मिशीवाल्याला विचारलं, "हा निघणार कधी?" तर गंभीरपणे, म्हणजे त्या मिशांखाली हसतोय की काय ते कळायची सोय नाही, म्हणाला, "ज्याने लावला त्यानेच काढायचा, आजी." आणि जिने लावला ती बसली गाडीत नवऱ्याबरोबर! जाताना काच खाली करून ओरडली, "आजी, परवा येते. तोवर तू फक्त बस!"

झालं. शिड्या निघाल्या, बोलता बोलता फुलं निघाली, तुमचा सोफा सोडला तर सगळं निघालं, आता हिरवी तेवढी मीच उरलेय. तर तुम्ही मघापासून ऐकताय, चांगल्या घरची माणसं दिसता... जरा खिसे बघा ना. एखादा लाल आहे का हो तुमच्याकडे?